सहाव्या आठवड्यातला निरोप: परदेशी विद्यापीठात नव्याने आलेल्यांना सोबत कशी करावी

मी पहिल्यांदा मेंटॉर, म्हणजे नव्या विद्यार्थ्याला सोबत करणारा सीनिअर, झालो तेव्हा माझ्या वाट्याला आलेल्या मुलाला विमानतळावरून आणलं, सिम कार्ड घेऊन दिलं, बँकेत नेलं, हॉस्टेलची किल्ली मिळवून दिली, लायब्ररी दाखवली. चार दिवसांत सगळं उरकलं आणि मी स्वतःवर जाम खूश झालो. पाचव्या आठवड्यात त्याला विचारलं, "कसं चाललंय?" उत्तर आलं, "मस्त!" आणि सोबत एक अंगठा. आठव्या आठवड्यात कळलं की तीन आठवडे तो एकाही तासाला गेला नव्हता. पहिल्या असाइनमेंटमध्ये नापास झाला होता, आणि आता शिकवणाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं, म्हणून खोलीत दार लावून बसला होता.

सिम कार्ड त्याला मी नसतो तरी मिळालं असतं. दार वाजवायला कुणीतरी हवं होतं, तेव्हा मी नव्हतो.

त्यानंतरची काही वर्षं मी हे काम करत आलोय, आधी मेंटॉर म्हणून, मग मेंटॉरांची टीम सांभाळणारा म्हणून. त्यातून जे हाती लागलं ते इथे पायरीपायरीने मांडतोय. तुम्ही विभागात किंवा विद्यार्थी संघटनेत अशी योजना उभी करणार असाल तर सगळं वाचा. एकट्याने एखाद्या नवख्याची सोबत करणार असाल तर निवडीचा आणि जोड्यांचा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल.

आधी थोडं शास्त्र, कारण वेळापत्रक त्यावरून ठरतं

'कल्चर शॉक' हा शब्द रुळवला मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी. १९६० च्या त्यांच्या लेखात त्यांनी चार टप्पे सांगितले: सुरुवातीची नवलाई, मग वैताग आणि चिडचिड, मग हळूहळू सावरणं, आणि शेवटी रुळणं. त्याआधी १९५५ मध्ये स्वेर्रे लिसगोर यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट (अमेरिकन शिष्यवृत्ती) अभ्यासकांच्या मुलाखतींवरून असाच चढउतार मांडला होता. सुरुवात बरी, मध्ये घसरण, शेवटी पुन्हा वर. इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आकार, म्हणून 'यू-कर्व्ह'. आजही बहुतेक ओरिएंटेशनमध्ये ही रेघ फळ्यावर काढली जाते.

गंमत अशी की ही रेघ तितकी पक्की नाही. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोहोचल्या पोहोचल्या, आणि मग चार, सहा आणि बारा महिन्यांनी प्रश्न विचारले. सगळ्यात जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच होता. नवलाईचे दिवस वगैरे काही दिसलं नाही.

मग मी सहाव्या आठवड्यावर भर देतो तो कशासाठी? त्रास पहिल्या दिवशी सर्वांत मोठा असेलही. पण त्या दिवशी मदतही सर्वांत जास्त असते. टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक, रंगीत बाण, स्वागताची भाषणं. सहाव्या आठवड्यापर्यंत त्रास काहीसा उतरलेला असतो, मदत मात्र शून्यावर आलेली असते. बाण उतरवलेले असतात, स्वयंसेवक स्वतःच्या परीक्षांमागे लागलेले असतात. नेमक्या त्याच सुमाराला पहिले गुण हातात पडतात. गरज आणि मदत यांतली ही फट बुजवणं हे पीअर मेंटॉरिंगचं, म्हणजे विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्याला सोबत करण्याचं, खरं काम.

वॉर्ड यांच्या मांडणीतली आणखी एक गोष्ट कामाची आहे. जुळवून घेणं दोन प्रकारचं असतं. एक व्यवहारातलं, म्हणजे बस कशी पकडायची, ई-मेल कसा लिहायचा, रांग कुठे लागते. दुसरं मनातलं, म्हणजे झोप लागते का, आपण इथले वाटतो का. पहिलं शिकवता येतं. दुसरं शिकवता येत नाही, त्याला फक्त सोबत करता येते. व्यवहारात तरबेज झालेला माणूस आतून पार खचलेला असू शकतो, हे मेंटॉरने कायम ध्यानात ठेवावं. माझ्या वाट्याला आलेला तो पहिला विद्यार्थी अगदी तसाच होता.

पायरी १: काय करायचं नाही ते ठरवा

योजना कागदावर उतरवताना पहिली यादी नकारांची करा. मेंटॉर व्हिसाचा सल्ला देत नाही. औषध सुचवत नाही. भाडेकराराचा अर्थ लावत नाही. पैसे उसने देत नाही. असाइनमेंट लिहून देत नाही, 'जरा दुरुस्त' करूनही देत नाही.

हे कठोर वाटेल, म्हणून एक उदाहरण. नवा विद्यार्थी म्हणतो, एक विषय फार जड जातोय. सीनिअर प्रेमाने सांगतो, "सोडून दे ना, पुढच्या सेमिस्टरला घे." स्थानिक विद्यार्थ्यासाठी हा शहाणा सल्ला आहे. पण अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला पूर्ण वेळेइतके विषय घ्यावेच लागतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसमधल्या अधिकृत व्यक्तीची आधी परवानगी न घेता त्याखाली उतरलं तर देशात राहण्याचा दर्जाच धोक्यात येतो. दोन मिनिटांचा आपुलकीचा सल्ला, आणि एवढी किंमत.

कामाच्या तासांचंही तसंच. ब्रिटनमध्ये पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. दर देशाचं गणित वेगळं आणि ते बदलत राहतं. मेंटॉरला ज्या वर्षीचा नियम पाठ असतो तो बहुधा त्याच्या स्वतःच्या पहिल्या वर्षीचा असतो.

म्हणून मेंटॉरने एकच वाक्य घोटून ठेवावं: "हे मला माहीत नाही, पण कुणाला माहीत असेल ते मला माहीत आहे. चल, आत्ताच त्यांना ई-मेल करू." यातला 'चल' फार महत्त्वाचा. नुसती लिंक पाठवली की नवखा ती उघडतो, पान बघतो आणि बंद करतो.

पायरी २: मेंटॉर निवडा, टॉपर नव्हे

अर्ज मागवले की पहिल्या झटक्यात हुशार, बोलके, सगळ्या समित्यांवर असलेले विद्यार्थी येतात. त्यांना नाही म्हणायचं असं नाही. पण मी मुलाखतीत सगळ्यांना एक प्रश्न हमखास विचारतो: "पहिल्या सेमिस्टरला तुमचं काय काय चुकलं?" जो म्हणतो, "तसं काही विशेष नाही," त्याला मी दुसरं काम देतो. जी मुलगी हसत हसत सांगते की ती दोन आठवडे चुकीच्या वर्गात बसत होती आणि विचारायची लाज वाटत होती, ती मला हवी असते. आपली फजिती जिला आठवते तिला दुसऱ्याची फजिती दिसते.

दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी सर्वांत चांगले. खड्डे कुठे आहेत ते ताजं आठवत असतं आणि ते पार करून झालेले असतात. शेवटच्या वर्षाचे लोक प्रबंधात आणि नोकरीच्या शोधात बुडतात. ऑगस्टमध्ये मनापासून हो म्हणतात आणि नोव्हेंबरमध्ये गायब होतात. त्यात त्यांचा दोष नाही.

मेंटॉर आपल्याच देशाचा असावा की स्थानिक? मानसशास्त्रज्ञ स्टीफन बोखनर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीची तीन वर्तुळं सांगितली होती. स्वदेशी मित्रांमध्ये आपली भाषा, आपले संदर्भ, आपला आधार मिळतो. स्थानिक मित्रांमुळे अभ्यास आणि व्यवहार सोपे होतात. इतर देशांतून आलेल्या मित्रांबरोबर वेळ चांगला जातो, आणि 'आपण सगळेच इथे पाहुणे' असा एक दिलासाही असतो. तिन्ही वर्तुळांचं काम वेगळं, त्यामुळे एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. 'आपल्या लोकांतच राहतात' अशी तक्रार अनेक प्राध्यापक करतात. मला ती अन्यायाची वाटते. दिवसभर परक्या भाषेत वावरल्यावर संध्याकाळी आपल्या भाषेत बोलणं ही विश्रांती असते. काळजी तेव्हा करावी, जेव्हा दुसरं वर्तुळ तयारच होत नाही.

म्हणून मी दोन मेंटॉर आणि सहा ते आठ नवखे असा गट करतो. दोघांपैकी एक शक्यतो स्थानिक, दुसरा बाहेरून आलेला. एकास एक जोडी कागदावर छान दिसते, पण एक माणूस आजारी पडला किंवा सूर जुळले नाहीत की सगळंच कोसळतं. गटात नवखे एकमेकांनाही धरून राहतात, आणि खरं सांगायचं तर निम्मं काम तेच करतात.

युरोपात हे सगळं विद्यार्थ्यांनीच उभं केलंय. विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना १९८७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून परतलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे येणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क स्थापन केलं. त्याच्या ठिकठिकाणच्या शाखा आजही नव्या विद्यार्थ्याला 'बडी' जोडून देतात.

पायरी ३: जोड्या लावताना

एक छोटा फॉर्म पुरतो: विषय, पातळी, राहण्याचं ठिकाण, बोलता येणाऱ्या भाषा, जोडीदार किंवा मुलं सोबत आहेत का, मेंटॉर स्त्री की पुरुष असावा याबद्दल काही इच्छा. माझा अनुभव असा की देशापेक्षा विषय आणि पातळी जुळणं जास्त उपयोगाचं. पीएच.डी.ला आलेल्याला पदवीचा मेंटॉर देऊ नका. पीएच.डी.वाल्याचं जग एका सुपरवायझरभोवती फिरतं. सुपरवायझरला नाही कसं म्हणायचं, महिनाभर उत्तर आलं नाही तर आठवण कशी करायची, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. संसार घेऊन आलेल्यांना क्लबांची यादी नको असते, पाळणाघराची रांग किती लांब आहे ते हवं असतं.

फॉर्मच्या शेवटी ठळक लिहा: मेंटॉर बदलून मिळेल, कारण विचारलं जाणार नाही.

पायरी ४: अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण

भाषणं कमी, सराव जास्त. तीन प्रसंग वठवून घ्या: काहीही विचारलं तरी 'हो, हो, ठीक आहे' म्हणणारा, रात्री दोनला फोन करणारी, आणि "मी घरी परत जातोय, कुणाला सांगू नकोस" म्हणणारा.

पहिला प्रसंग सर्वांत अवघड. परक्या भाषेत समजलं नाही तर माणूस मान डोलावतो, कारण तिसऱ्यांदा 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज वाटते. "समजलं का?" या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'हो' असतं, म्हणून तो प्रश्न विसरा. विचारा, "मग उद्या सकाळी तू आधी कुठे जाशील?" किंवा "तिथे गेल्यावर काय मागशील?" उत्तरातून खरं काय ते कळतं.

गुप्ततेबद्दल एक नियम पहिल्याच भेटीत सांगायला शिकवा: "तू सांगितलेलं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी एकटा ते धरून ठेवणार नाही." हे आधी सांगितलं तर नंतर विश्वासघात होत नाही.

आणि आणीबाणीचा नंबर. युरोपियन युनियनमध्ये ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. नव्या माणसाच्या डोक्यात आपल्या देशाचाच नंबर असतो. इथला नंबर फोनमध्ये नुसता सेव्ह करून भागत नाही, पाठ करून घ्यावा लागतो.

पायरी ५: येण्याआधी आणि पहिले तीन दिवस

पहिला निरोप विमानात बसण्याच्या तीन-चार आठवडे आधी जायला हवा. लांबलचक नको. मी साधारण असा पाठवतो:

"नमस्कार, मी तुझ्याच विभागात दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी माझाही बराच गोंधळ झाला होता, त्यामुळे कुठलाही प्रश्न बिनधास्त विचार. आत्ता एकच सांग: कोणत्या तारखेला पोहोचतोयस आणि पहिल्या रात्रीची झोपायची सोय झालीय का?"

एकच प्रश्न विचारल्याने उत्तर येतं. दहा विचारले तर 'नंतर निवांत लिहू' म्हणून राहून जातं.

घराचा विषय मात्र लगेच काढा, कारण फसवणूक होते ती इथे. भामट्यांची पद्धत साधारण ठरलेली: फोटो सुंदर, भाडं आसपासच्यापेक्षा कमी, मालक 'सध्या परदेशात', आणि 'आजच अनामत पाठवा, दुसरा भाडेकरू तयार आहे.' कुणी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, एवढं ठणकावून सांगा. सुरुवातीचे काही आठवडे विद्यापीठाच्या किंवा तात्पुरत्या जागेत काढून मग घर शोधणं बरं. पोलीस, दूतावास किंवा इमिग्रेशनच्या नावाने धमकीचे फोन येतात, हेही आधीच सांगून ठेवा. फोनवर लगेच पैसे मागणारा अधिकारी खरा नसतो.

पोहोचल्यावरच्या पहिल्या दिवशी तीनच गोष्टी: घरी फोन, पोटात काहीतरी, झोप. कॅम्पसची सहल नको. डोळे मिटत असलेल्या माणसाला दाखवलेली लायब्ररी त्याच्या लक्षात राहत नाही.

पुढच्या दोन दिवसांत बँक, नोंदणी, ओळखपत्र. इथे माझी जुनी चूक करू नका. काउंटरवर तुम्ही बोलू नका. तुम्ही शेजारी उभे राहा, बोलायचं त्याने. तो अडखळेल, कारकून कंटाळेल, तुम्हाला आत कालवाकालव होईल, तरी गप्प राहा. अगदी अडलं तरच एक वाक्य. आधी बाहेर दोन मिनिटं उभं राहून काय बोलायचं त्याची तालीम करा, हे जास्त चांगलं.

पायरी ६: अभ्यासाचे न सांगितलेले नियम

माझ्या मते मेंटॉरचा सर्वांत मोठा उपयोग इथे होतो. विद्यापीठाच्या वेबसाइटवर लिखित नियम असतात. न लिहिलेले नियम स्थानिक विद्यार्थ्यांना शाळेपासून ठाऊक असतात आणि शिक्षकांना ते इतके उघड वाटतात की ते सांगतच नाहीत.

गुणांपासून सुरुवात करा. ब्रिटनमध्ये ७० किंवा त्यावर म्हणजे प्रथम श्रेणी. नव्वदीची सवय असलेली मुलगी ६४ पाहून रडते, आणि शेजारचा स्थानिक विद्यार्थी त्याच ६४ वर पार्टी करतो. जर्मनीत उलटं: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. पहिला निकाल लागायच्या आधी हे सांगितलेलं असेल तर एक मोठा धक्का टळतो.

मग वेळ. युरोपात अभ्यासाचा भार ईसीटीएस क्रेडिटमध्ये मोजतात; एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. पाच क्रेडिटचा विषय म्हणजे सव्वाशे ते दीडशे तास, आणि त्यातले वर्गातले तास बहुधा थोडेच. वेळापत्रकात आठवड्याला दहा-बारा तास दिसले की नवख्याला वाटतं, केवढी ही सुट्टी! उरलेलं काम एकट्याने, वाचून करायचं असतं, हे त्याला चौथ्या आठवड्यात कळतं. जर्मनीसारख्या ठिकाणी वेळेपुढे 'सी. टी.' लिहिलेलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, 'एस. टी.' असेल तर बरोबर ठोक्याला. कुणी सांगितलं नाही तर माणूस रिकाम्या वर्गात बसून राहतो.

'ऑफिस अवर्स' हा आणखी एक सापळा. शब्दाचा अर्थ लावून अनेकांना वाटतं की या वेळात सर ऑफिसमध्ये कामात असतात, त्रास देऊ नये. प्रत्यक्षात ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली असते. पहिल्यांदा जाताना एक ठोस प्रश्न कागदावर लिहून न्यायला सांगा, म्हणजे 'मला काहीच कळत नाही' अशी सुरुवात होत नाही. शिक्षकांना हाक कशी मारायची हेही विचारून घ्यावं लागतं. काही ठिकाणी पहिल्या नावाने, काही ठिकाणी पदवीसकट. पहिल्या ई-मेलमध्ये औपचारिक राहावं आणि ते उत्तराखाली कोणतं नाव लिहितात ते पाहावं.

आता वाङ्मयचौर्य. इथे मेंटॉरने खरंच वेळ द्यावा. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिणं हे काही शिक्षणपद्धतींमध्ये आदराचं मानलं जातं, पाठांतराचं कौतुक होतं. नव्या ठिकाणी तेच शिस्तभंगाचं प्रकरण होतं. अवतरणचिन्हं, संदर्भ, स्वतःच्या शब्दांत मांडणी, हे उदाहरण घेऊन दाखवा. मित्राबरोबर चर्चा करणं चालतं, पण दोघांनी मिळून लिहिलेलं उत्तर वेगवेगळं जमा करणं अनेक ठिकाणी चालत नाही. एआय साधनांचे नियम तर विषयागणिक बदलतात. दर विषयाच्या हँडबुकमध्ये बघायचं, नाही सापडलं तर शिक्षकांना लिहून विचारायचं.

आणि मेंटॉरांनो, तुमची जुनी असाइनमेंट 'नमुना म्हणून' पाठवू नका. ती उतरवली गेली तर चौकशी दोघांची होऊ शकते. त्याऐवजी तुम्हाला मिळालेले शेरे दाखवा: 'मत मांडलंय, पुरावा नाही', 'वर्णन फार, विश्लेषण कमी.' शिक्षक काय शोधतात ते शेऱ्यांतूनच जास्त कळतं.

दुसऱ्या आठवड्यात एक तास फक्त यासाठी ठेवा: सगळ्या विषयांची हँडबुकं उघडायची आणि प्रत्येक डेडलाइन एकाच कॅलेंडरवर लिहायची. तीन असाइनमेंट एकाच आठवड्यात येतात हे त्या दिवशी दिसलेलं बरं.

पायरी ७: चौथा ते आठवा आठवडा

मेंटॉरच्या वेळेचा निम्मा वाटा इथे राखून ठेवा. पहिल्या आठवड्यात रोज भेटण्यापेक्षा या काळात आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं, ठरलेल्या वारी भेटा. शक्य असेल तर चालत चालत. समोरासमोर बसून न निघणाऱ्या गोष्टी शेजारी चालताना निघतात.

"कसं चाललंय?" या प्रश्नाने काय होतं ते वर सांगितलंच. त्याऐवजी बारीक, उत्तर देता येण्याजोगे प्रश्न विचारा. काल किती वाजता झोपलास? या आठवड्यात सर्वांत कंटाळवाणा तास कोणता होता? शनिवारी कुणाशी बोललीस? शनिवारचा प्रश्न मी कधी चुकवत नाही. आठवड्याच्या दिवसांत वर्ग असतो, गर्दी असते, एकटेपणा झाकला जातो. शनिवारी तो उघडा पडतो.

काही खुणा: तास चुकायला लागणं, दिवसा झोप आणि रात्री घरी तासन्‌तास फोन, उत्तरं एका शब्दात येणं, गटकामात नाव असूनही हजर नसणं, एकदम 'हा कोर्सच माझ्यासाठी नाही' असं बोलणं. यातली एखादी खूण म्हणजे संकट नव्हे. दिवसभर दुसऱ्या भाषेत ऐकून मेंदू शिणतो, संध्याकाळी बोलावंसं वाटत नाही, यात आजार काही नाही. तसं सांगितल्यावरही अनेकांचा जीव भांड्यात पडतो. दोन-तीन खुणा एकत्र आल्या आणि आठवडाभर टिकल्या तर मात्र पुढे व्हा.

उत्तरच येत नसेल तर? 'काळजी वाटतेय, फोन का उचलत नाहीस' असा निरोप गेला की लाज आणखी वाढते. मी असं लिहितो: "उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. गुरुवारी चार वाजता लायब्ररीच्या पायऱ्यांवर अर्धा तास असणार आहे, माझं वाचन घेऊन बसेन. आलास तर छान." आणि खरंच जाऊन बसतो. दोनदा कुणी आलं नाही तर तिसऱ्यांदा योजनेच्या समन्वयकाला सांगतो.

नवी ओळख करून देताना कार्यक्रमांची यादी पाठवू नका. एकच गोष्ट निवडा आणि तीनदा करा. धावण्याचा गट असो, गायनवृंद असो की भाषेची देवाणघेवाण. पहिल्यांदा तुम्ही घेऊन जा, दुसऱ्यांदा तिथे भेटा, तिसऱ्यांदा तुम्ही जाऊ नका. एकाच जागी तीच तोंडं पुन्हा पुन्हा दिसली की ओळख होते. दहा ठिकाणी एकेकदा जाऊन फक्त दहा जणांची नावं विसरायला होतात.

आता गंभीर भाग. कुणी 'जगण्यात अर्थ नाही', 'मी नसलो तर बरं' असं बोललं तर सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. बहुतेकदा बोलायला वाट मिळते. उपदेश नको, घरच्यांची आठवण करून देणं नको. त्याला एकटं सोडू नका, विद्यापीठाच्या समुपदेशन सेवेला किंवा रात्र असेल तर तिथल्या हेल्पलाइनला सोबत बसून फोन लावा. अमेरिकेत ९८८, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११६ १२३. धोका तातडीचा वाटला तर थेट आणीबाणीचा नंबर. त्यानंतर त्याच दिवशी समन्वयकाला सांगा. मेंटॉर डॉक्टर नाही. त्याच्या हातून डॉक्टरपर्यंत पोहोचवणं झालं म्हणजे त्याचं काम झालं.

पायरी ८: मेंटॉरचीही कुणीतरी विचारपूस करा

मेंटॉर हाही विद्यार्थीच, त्याच्याही डेडलाइन असतात. रात्री दहानंतर निरोपांना उत्तर नाही, आणीबाणी वगळता, हा नियम योजनेनेच जाहीर करावा, म्हणजे मेंटॉरला अपराधी वाटत नाही. दर पंधरा दिवसांनी सगळ्या मेंटॉरांनी तासभर एकत्र बसावं आणि नावं न घेता अडलेल्या गोष्टी बोलाव्यात. नोंदी ठेवायच्या तर तारीख आणि 'कुठे पाठवलं' एवढ्याच. कुणाच्या मनातलं कागदावर येऊ देऊ नका. जमत असेल तर मानधन द्या. नुसत्या प्रमाणपत्रावर नोव्हेंबरपर्यंत कुणी टिकत नाही, आणि टिकावं अशी अपेक्षाही बरोबर नाही.

पायरी ९: बाजूला व्हा

मेंटॉरिंगच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये नोकरीच्या ठिकाणच्या मेंटॉरिंगचे चार टप्पे मांडले: सुरुवात, जोपासना, विलग होणं आणि नात्याला नवं रूप येणं. विद्यार्थ्यांच्या योजनांमध्ये तिसरा टप्पा कुणी आखतच नाही. नातं एक तर अचानक तुटतं किंवा ओढत राहतं. आठव्या आठवड्यानंतर भेटी पंधरा दिवसांनी करा, सत्राच्या शेवटी शेवटची भेट ठरवून घ्या आणि ती शेवटची आहे असं आधी सांगा.

फक्त सत्र संपल्यावरची सुट्टी विसरू नका. स्थानिक मुलं घरी जातात, कॅम्पस ओस पडतो, काही हॉस्टेलंही बंद होतात. कोण कुठे राहणार आहे हे तीन आठवडे आधी विचारून मागे राहणाऱ्यांची एकमेकांशी गाठ घालून द्या.

योजना जमली की नाही हे 'तुम्ही समाधानी आहात का?' असं विचारून कळत नाही, भली माणसं नेहमी समाधानी असतात. मी तीन गोष्टी पाहतो: सहाव्या आठवड्यात किती जणांशी प्रत्यक्ष बोलणं झालं, मेंटॉर सोडून अडचणीत जिच्याकडे जाता येईल अशी एक तरी व्यक्ती किती जणांना सांगता येते, आणि कोण कोण गप्प झालं. तिसरी यादी सर्वांत महत्त्वाची, आणि ती कुठल्याही फॉर्ममध्ये सापडत नाही.

शेवटच्या भेटीत प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या: 'मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.' पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणात नव्या मेंटॉरांना भाषणाऐवजी ती पानं वाचायला द्या. माझ्याकडे त्यांची एक जाड फाईल झाली आहे. व्हिसा, गुण, एकटेपणा, सगळं आहे तिच्यात. पण सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार हॉस्टेलच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल आहे, आणि ते यंत्र कसं चालतं हे मला आजही नीट सांगता येत नाही.